क्लब केलेलं पान

पनवेल
२८ सप्टेंबर २०२५

ती. हौसाताईस,

भावोजींच्या दहाव्याला तुझ्या दारात भावनाने मला अडवलं आणि म्हणाली, "मामा, क्लब म्हंजे काय ते आईला सांग, मग आत ये." अर्धं चिरनेर ऐकत होतं. उभ्या उभ्या मी काय सांगणार होतो? बारा वर्षं क्लासमध्ये इंग्रजी शिकवलं, पोरांना एकेक क्रियापद तासतासभर फोड करून सांगितलं, पण त्या दिवशी एका शब्दाला पाठ दाखवली. चपला काढल्याच नव्हत्या, तसाच मागे वळलो. फोन तू उचलत नाहीस आणि तुझ्या लेकीने माझा नंबर ब्लॉक करून टाकलाय. म्हणून पत्र. भावना, तूच आईला वाचून दाखवत असशील. तर नीट वाच आणि मधली वाक्यं गाळू नकोस.

क्लब करणं म्हणजे वेगवेगळ्या गोष्टी एका गटात घालणं. एवढंच. ती शिवी नाही. रविवारला जोडून रजा टाकली की आम्ही म्हणतो रजा क्लब केली. शाळेत दोन वर्गांना मिळून एकच बाई उरल्या की वर्ग क्लब झाले. तुमच्याकडे दोन भावांची हळद एका मांडवात लागते, तेही तेच. इंग्रजीत या कामाला आणखी चार शब्द आहेत, ग्रुप आहे, सॉर्ट आहे, पण प्रत्येकाचा पोत वेगळा. सॉर्ट करताना माणूस निवडतो, हे इकडे, ते तिकडे. क्लब करताना निवडत नाही, फक्त एकत्र करतो. त्यामुळे काम लवकर होतं. साहेबलोकांना हा शब्द फार आवडतो, आणि खरं सांगायचं तर मलाही आवडायचा.

भावोजींना मी हे एकदा समजावलं होतं, तुला आठवत असेल. गेल्या शिमग्याला ओटीवर बसून ते मावरं साफ करत होते. मी म्हटलं, भावोजी, आमच्या ऑफिसात सगळं क्लब होतं. त्यांनी विचारलं ते काय असतं. सांगितल्यावर म्हणाले, "म्हंजे वाटा लावायचा. पन बालू, बाजारात वाट्यात वरती ताजा बोंबील ठेवतात नि खाली सडका सारतात. तुमच्या हापिसात पन तसाच काय?" किती हसलो आपण. तू आतून ओरडलीस की आधी मावरं द्या, मग शाळा भरवा.

आता अपघाताच्या त्या रिपोर्टचं, ज्यात भावनाने 'क्लब केले' असं वाचलं. गोदामात महिन्याभरात किती घटना झाल्या तो आकडा हेड ऑफिसला जातो. आकडा वाढला की चौकशीला माणसं येतात. म्हणून एका आठवड्यात दोन घटना झाल्या तर त्या एका नंबराखाली घेतल्या जातात. सोमवारी, ८ तारखेला, एका ट्रेलर ड्रायव्हरने दारूच्या नशेत गाडी गेटच्या खांबावर घातली आणि त्याचा पाय मोडला. गुरुवारी, ११ तारखेला, क्रेनवरून संगमरवराच्या लाद्यांचा गठ्ठा सुटला आणि खाली भावोजी होते. दोन्ही मिळून घटना क्रमांक चौदा, अ आणि ब. फॉर्ममध्ये कारणाचा रकाना एकच असतो. त्यात 'मद्यपान व निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. आमचे मॅनेजर, उदयसिंह साहेब, त्यांनी तसं सांगितलं. मी त्या गोदामात सेफ्टीचा क्लार्क आहे ताई, मालक नाही. सांगितलं ते लिहिणं माझं काम.

भावोजींचं नाव आणि दारू मी एका वाक्यात कुठेही लिहिलेली नाही. पान काढून बघ.

गावात लोक काय बोलतायत ते माझ्या कानावर आलं. ज्याने बाप दारूपायी मेलेला पाहिला आणि मग लग्नाच्या हळदीतसुद्धा ग्लासाला बोट लावलं नाही, त्या माणसाबद्दल असं बोलतात तेव्हा मलाही राग येतो. प्रकल्पात जमिनी गेलेल्या घरांतला माणूस कामावर दगावला तर वारसाला नोकरी मिळते, ती या रकान्यामुळे भावनाला नाकारली, याचंही वाईट वाटतं. पण त्यासाठी कामगार खात्यात दावा लावायची गरज नव्हती. १८ नोव्हेंबरच्या सुनावणीला तू जाऊ नकोस. तिथे सगळं इंग्रजीत चालतं आणि ते वकील तुला बोलू देणार नाहीत. मला थोडा वेळ दे, मी आतून बघतो.

जेवत जा.

तुझा,
बाळू


पनवेल
२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

ती. हौसाताईस,

आज पहिल्यांदा माझं कपाळ कोरडं आहे. वसुंधराचे भाऊ, माझे मेहुणे, सकाळीच आले, तिने त्यांना ओवाळलं, आणि मी मात्र गॅलरीत कपडे वाळत घालण्याचं निमित्त करून उभा राहिलो. ती म्हणाली, चिरनेरला जाऊन तर बघा, दार लावून थोडंच घेतील. मी म्हटलं, सुतकातल्या घरी कसली भाऊबीज. तिला ते पटलं. मला पटलं नाही.

पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही. परवा भावनाने वसुंधराच्या फोनवर एक ओळ पाठवली तेवढीच. "आई विचारते, बाबांनी मामाला पट्ट्याचं सांगितलं होतं का? हो की नाही एवढंच लिहा."

त्याच्याकडे येतो. आधी दुसरं एक सांगू दे, कारण मागच्या पत्रात मी ते वाकडं लिहिलं.

दोन घटना एका नंबरात घ्या असं उदयसिंह साहेबांनी सांगितलं नव्हतं. ते खुर्चीत डोकं धरून बसले होते. म्हणत होते, एका आठवड्यात दोन नंबर वर गेले तर माझं काही खरं नाही. मीच म्हणालो, "सर, क्लब करू या." त्यांनी मान वर करून माझ्याकडे असं बघितलं, ताई, की बुडत्याला हात दिलाय असं मलाच वाटलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. भावोजींना तेव्हा अजून दवाखान्यातून घरीही आणलं नव्हतं. आणि रकान्यातला मजकूरही माझाच. निष्काळजीपणा लिहिला तर कोणाचा असं विचारतील, पुढे मद्यपान लावलं तर कोणी विचारत नाही, हे मला अनुभवाने माहीत होतं. 'लिहिलं गेलं' असं मी तुला लिहिलं. ते मी लिहिलं.

हे तुला सांगायला मला दीड महिना लागला. तू शिव्या दे.

आता पट्ट्याचं. नाही. भावोजी मला त्याबद्दल काही बोलले नव्हते. क्रेनचा पट्टा झिजला होता हे मला नंतर, सगळ्यांबरोबरच कळलं. ते बोलले असते तर मी लिहून घेतलं असतं, मला पगार त्याचाच मिळतो. घरी येऊन ते तुला काही म्हणाले असतील तर गँगमधल्या कोणाशी तरी बोलले असतील, माणूस घरी आल्यावर कामावरचं सगळंच एकत्र सांगतो. भावनाला सांग, उत्तर नाही असं आहे.

आणखी एक. साहेब नंबर वेगळे करायला तयार आहेत. चौदा आणि पंधरा. भावोजींच्या पानावरून मद्यपान काढतील, भावनाला ऑफिसात घेतील, बसून करायचं काम. फक्त सुनावणीचा दावा मागे घ्यायचा आणि पट्ट्याचा विषय कुठेही काढायचा नाही. समजुतीचा कागद मी तयार करून ठेवलाय. मी तुझ्या जागी असतो तर सही केली असती. गेलेल्या माणसाचं नाव धुऊन निघतं आणि पोरगी मार्गी लागते, आणखी काय हवं? पट्टा कोणी बघितला आणि कोणी नाही, यावरून काही तो जोडला जाणार नाही.

फराळाचा डबा वसुंधराने भरून ठेवलाय. कोणाबरोबर पाठवू ते कळव.

तुझा,
बाळू


पनवेल
१४ नोव्हेंबर २०२५

ताई,

मी तुला खोटं लिहिलं. भावोजींनी मला सांगितलं होतं.

१९ ऑगस्टला, मंगळवार होता, जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले. हातात डबा तसाच होता. म्हणाले, "बालू, दोन नंबरच्या क्रेनचा पट्टा उसवलाय. दोरे भायेर आलेत. आमी रोज त्याच्याखाली उभे ऱ्हातो. लिवून घे." मी म्हटलं, भावोजी, संध्याकाळी तीन कंटेनर बंदरात पोचायचेत, आज मशीन बंद नाही करता येणार. ते म्हणाले, "बंद करा नाय तर चालू ठेवा, ते तुमी बघा. पन तू लिव."

आमच्याकडे तक्रारीची दोन पानं असतात. यंत्राची तक्रार लाल पानावर घ्यायची. लाल पान भरलं की ते यंत्र त्या मिनिटाला थांबतं आणि तपासणी होईपर्यंत हलत नाही. बाकीच्या बारीकसारीक तक्रारी पांढऱ्या पानावर, महिन्याच्या शेवटी सगळ्या एकदम बघायच्या. माझ्या टेबलावर दोन्ही पानं होती. लाल पॅड डाव्या हाताला होतं. मी पांढरं ओढलं.

ते समोर उभे राहून बघत होते. मी लिहिलं. कोणीही सांगितलं नव्हतं ताई. उदयसिंह साहेब त्या दिवशी गोदामात नव्हतेच. मला फक्त दुपारी कटकट नको होती. क्रेन थांबली असती तर गँग बसून राहिली असती, एजंटांचे फोन आले असते, मला चार जणांना उत्तरं द्यावी लागली असती. एवढ्यासाठी. याच्याहून मोठं कारण मी गेले दोन महिने शोधतोय, सापडत नाही.

"लिवलंस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लिहिलं. ते म्हणाले, "बरं झालं," आणि जेवायला गेले. त्यांनी पानाच्या रंगाचं काही विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता त्यांचा, आणि पानांचे रंग त्यांना कोणी शिकवले नव्हते. ते शिकवणं माझंच काम होतं.

महिनाअखेरीची बैठक गणपतीच्या सुट्टीत बारगळली. गौरीच्या जेवणाला मी तुमच्याकडे होतो. माझ्या ताटात मटण वाढताना त्यांनी विचारलं, पट्ट्याचं काय झालं रे. मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. मग त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली. दहा दिवसांनी ते गेले.

गठ्ठा पडल्याचा आवाज मी वर ऑफिसात ऐकला. सगळे खाली धावले. मीही जिन्यापर्यंत गेलो, आणि तिथून परत फिरलो. खाली कोण आहे ते मला ठाऊक नव्हतं, देवाशपथ ठाऊक नव्हतं. पण पट्टा कुठला ते ठाऊक होतं. मी फाइल उघडून ते पांढरं पान काढलं, शर्टाच्या आत घातलं, आणि मग खाली गेलो. भावोजींचा हात तेवढा दिसत होता. तेव्हा मला कळलं. दुसऱ्या दिवशी मी ऑगस्टचंच नवीन पान लिहून फाइलीत लावलं. त्यात त्यांची तक्रार नाही.

मूळ पान या पत्रासोबत पाठवतोय. मथळा आहे, किरकोळ तक्रारी, ऑगस्ट. चहा थंड मिळतो. बाथरूमची कडी तुटली आहे. आवारात कुत्री शिरतात. लॉकरची किल्ली हरवली. क्रेन दोनचा पट्टा झिजला, काशीराम पाटील. पिण्याच्या पाण्याला वास येतो. आणि खाली माझ्या हाताने, सर्व मुद्दे क्लब करून महिनाअखेरीस घ्यावेत. त्याखाली सही.

भावनाने दारात विचारलं होतं त्याचं हे खरं उत्तर. पहिल्या पत्रात दोन पानं भरून मी अर्थ सांगितला आणि हे पान तेव्हा माझ्याच कपाटात, विजेच्या बिलांच्या खाली होतं.

परवा वसुंधराला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, हा कागद दिला म्हणून भावोजी परत येणार आहेत का? नोकरी जाईल, पोलीस येतील, फ्लॅटचं काय करायचं? चुकीचं काही बोलली नाही ती. मी आज दुपारी तिला न सांगता पोस्टात आलोय आणि इथल्याच टेबलावर हे लिहितोय.

मंगळवारी मी सुनावणीला येतो. साडेदहाला तिथे हजर असेन. उभा राहून सांगेन की हे अक्षर माझं आणि हे पान मी चोरलं. एवढं तरी मी करीनच. तू माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस, पण समजुतीच्या कागदावर सही करू नकोस.

बाळू


चिरनेर
२० नोव्हेंबर २०२५

बालू,

तू आला नायस.

साडेधापासून आमी बाकावर बसलो होतो. भावना तीनदा गेटवर जाऊन आली. दुपारी तुझा मॅनेजर आला, त्याच्यासंगती वकील. त्यानं सांगितलं तू आजारी हायस, रजेवर हायस. वसुंधराचा फोन बंद होता.

पान आमी दाखवलं. वकील म्हनाला, ह्यो कागद खोटा हाय, आमच्या फाइलीत असा कागदच नाय. फाइलीतला त्यानं काढून दाखवला. दोन्ही कागद कामगार खात्याच्या सायबाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सायब मला म्हनाला, आजी, हा कागद खरा हाय हे कोन सांगनार? लिवनारा मानूस तर आला नाय.

मी उठले. मी म्हनले, मी सांगते.

वकील हसला. त्यानं विचारलं, बाई, तुमाला वाचता येतं? मी म्हनले, चौथीपर्यंत येतं. बाबा मिठागरावर जायचे तवा तुला माझ्याजवल टाकून जायचे. चुलीतली राख ओटीवर पसरून मी तुला बोट धरून अक्षर शिकवलं. तू 'क' काढताना शेपूट लय लांब खाली वढायचास, मी मारायची, तरी वढायचास. अजून वढतोस. काशीरामच्या 'क'ला पन तशीच वढलीयस. सायबाला मी बोटानं दाखवलं.

तुझी पत्रं भावनानं नाय वाचली. तिला मी दिलीच नाय. मीच वाचली, एकेक अक्षर लावत. पहिल्याला सा दिस लागले, तिसरं एका रातीत लावलं. मधली वाक्यं गालू नको असं तू लिवलं होतंस. एक पन नाय गाललं.

पट्ट्याचं मी तुला विचारलं, तवा मला ठावं होतं. गौरीला तुमी बोलत होते नि मी मागं भाकऱ्या घेऊन उभी होते. ते जेवले तवा म्हनाले पन, बालूनं लिवून घेतलंय, आता कालजी नाय. मला ठावं होतं म्हनून विचारलं. तू काय सांगतोस ते बघायचं होतं. तू नाय म्हनालास. त्या दिसापासून तू मला मेलास. मग हे तिसरं पत्र आलं नि मी दोन दिस रडले. मला वाटलं तू येशील.

सायब म्हनाला, एका अक्षरावर भागत नाय, आनखी कायतरी पायजे. मी पिशवीतून तुझी तिन्ही पत्रं काढून दिली. भावनानं माझा हात धरला, म्हनाली आई, हे दिलंस तर मामा आत जाईल. सायबानं ती पत्रं वाचली. मॅनेजरचं नाव जिथं हाय तिथं त्यानं खालून लाल पेनानं रेघ मारली. मग हापिसच्या बाबूला सांगितलं, तिन्ही पत्रं नि पान एका दोऱ्यात बांधा, वेगली करू नका.

दारूचं खोडलं. माझ्यासमोर खोडलं. गावात आता सांगनार हाय मी, घरोघरी जाऊन. भावना तुमच्या गोदामात कामाला नाय जानार म्हनते. मी पन नाय पाठवनार.

कागद तूच पाठवलास ते मी सायबाला सांगितलं. ते खरं हाय म्हनून सांगितलं. तुझ्यावर उपकार नाय केला.

शेवटी सायबानं पेन खाली ठेवला. म्हनाला, बाई, तुमच्या एकट्या साक्षीवर हा तुमचा सख्खा भाऊ अडकनार. पोलिसांना कागद जाईल. घरी जा, विचार करा, पुढच्या तारखेला सही करा.

मी त्याला म्हनले, पेन द्या.

हौसा काशीराम पाटील